मिरचीचा रंग आणि व्यापाऱ्याची पत

आम्ही कापडाचे व्यापारी. नांदगावात आमचे दुकान आहे. माल मालेगाव, भिवंडी आणि सुरतेहून येतो. मिरची-मसाल्याच्या धंद्याशी आमचा संबंध दोन वेळच्या जेवणापुरता. तरीही या पानावर आज मिरचीविषयी लिहीत आहोत, याचे कारण घरचेच आहे.

आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी मिरची कांडपाचे यंत्र टाकले. सुरुवातीला तो लोकांची मिरची कुटून देत असे, पुढे स्वतःच्या पुड्या भरू लागला. एका फरसाणवाल्याने त्याच्याकडून २० किलो तिखट नेले आणि महिन्याभराने निम्मे परत पाठवले. तिखटपणाबद्दल तक्रार नव्हती, वजनाबद्दल नव्हती. तक्रार एवढीच की, "रंग उतरला, शेव फिकी दिसते." त्याच आठवड्यात एक दलाल आला आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर भुकटी ठेवून गेला. म्हणाला, "किलोला एवढीशी घाला, वर्षभर लाल राहील. सगळेच घालतात." पुतण्या ती पुडी घेऊन आमच्या दुकानात आला. "चाचा, रंगातले तुम्हाला कळते. हे काय आहे ते बघा."

तीस वर्षे कापडात काढूनही ती भुकटी कोणती, हे आम्हाला सांगता आले नाही. पण त्या निमित्ताने चौकशी केली, जाणकारांना विचारले, नियम वाचले. त्यातून जे हाती आले ते आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्यांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्याने येथे देत आहोत.

मिरची कुठे नाही?

पूर्वी घरात वर्षाची मिरची भरली जाई. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घालायची, बायकांनी बसून देठ खुडायचे, मग कांडपावर न्यायची. कोणती मिरची, कुठली, किती, सारे घरच्या डोळ्यांसमोर होई. आज घरातल्या मिरचीचा मोठा भाग घरच्यांना न दिसता येतो. कोणत्याही किराणा दुकानात उभे राहून पाहावे. वेफर, कुरकुरे, शेव, भुजिया, मसाला शेंगदाणे, पापड, लोणचे, सॉस, शेजवान चटणी, नूडल्समधली मसाल्याची पुडी, झटपट उपमा-पोह्यांची पाकिटे, बिर्याणी आणि तंदुरी मसाला, अगदी मसाला ताकसुद्धा. पाच रुपयांची पुडी घेऊन शाळेत जाणारे पोर कोणती मिरची खाते, हे आईला ठाऊक नसते.

पाकिटावर लिहिलेले असते, असे कोणी म्हणेल. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा, एवढेच बंधन आहे. मराठी किंवा उर्दू लिहिणे कंपनीच्या मर्जीवर. त्यातून अक्षरे इतकी बारीक की आम्हाला चष्म्यावर भिंग धरावे लागते. मुलीने वाचून दाखवले, तर पुष्कळ पाकिटांवर 'मसाले' एवढाच शब्द निघाला. मसाल्यांची नावे वेगवेगळी न देता एकत्र 'मसाले' लिहिण्याची मुभा नियमात आहे. म्हणजे ज्याला डॉक्टरने मिरची बंद सांगितली आहे, त्याला पाकीट वाचूनही मिरची आहे की नाही हे कळेलच असे नाही.

काही पाकिटांवर रंगाच्या जागी १६०-सी हा आकडा दिसतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. तो लाल मिरचीतूनच काढलेला अर्क आहे आणि त्याला परवानगी आहे. ज्याची धास्ती बाळगायला हवी, तो रंग पाकिटावर कधीच लिहिला जात नाही.

तिखटपणा दोषी नाही

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड पोळल्यावर पाणी पिऊन उतार पडत नाही, दूध किंवा दही घेतले तर पडतो. मिरची आपल्या देशात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आली. आज वाळलेल्या मिरचीच्या उत्पादनात आणि निर्यातीत भारत जगात पहिला आहे. एवढी पिढ्यान् पिढ्या खाल्लेली वस्तू माफक प्रमाणात निरोगी माणसाला विष ठरत नाही. ज्याला आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याध आहे त्याने जपावे, लहान मुलांना जपून द्यावी, हे खरे.

मात्र तिखटपणाचीही पैज लावून विक्री होऊ लागली, तेव्हा अनर्थ झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १४ वर्षांचा एक मुलगा पैजेखातर जहाल मिरचीचा एक वेफर खाऊन दगावला. त्याचे हृदय आधीच वाढलेले होते, असे शवविच्छेदनात दिसून आले. पण ते त्याला किंवा विकणाऱ्याला कुठे माहीत होते? कंपनीने तो माल बाजारातून काढून घेतला. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने दक्षिण कोरियाच्या तीन अतितिखट नूडल्स मागे घ्यायला लावल्या. पुढच्याच महिन्यात त्यातल्या दोनांना परत मोकळीक दिली. अशा पैजेच्या वस्तू आपल्या दुकानात मुलांच्या हाताशी टांगू नयेत, एवढा धडा यातून घ्यावा.

रंगाची गोष्ट

आता रंगाकडे येऊ. मे २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान-१ नावाचा रंग सापडला. प्राण्यांवरील प्रयोगांत या रंगाचा कर्करोगाशी संबंध दिसला असल्याने खाण्याच्या वस्तूत त्याला परवानगी नाही. युरोपीय संघाने त्याच वर्षी तपासणीच्या दाखल्याशिवाय मिरची घेणे बंद केले. आपल्या मसाला मंडळानेही निर्यातीच्या मिरचीची तपासणी सक्तीची केली.

तरी आधी गेलेला माल गेलाच होता. २००२ मध्ये इंग्लंडला पोहोचलेली, सुदान-१ मिसळलेली मिरची पूड एका सॉसमध्ये पडली. तो सॉस पुढे पिझ्झा, सूप, सॉसेज आणि तयार जेवणाच्या डब्यांत घातला गेला. फेब्रुवारी २००५ मध्ये हे उघडकीस आले, तेव्हा ४०० हून अधिक प्रकारच्या वस्तू दुकानांतून उचलाव्या लागल्या. एका खेपेतली मिरची किती घरांत शिरते, याचा यापेक्षा मोठा दाखला नाही. भेसळ कोणा एकाने केली असेल, पण त्यानंतर भारतातल्या प्रत्येक मिरची निर्यातदाराला आपला माल निर्दोष असल्याचे सिद्ध करावे लागले.

वर्तमानपत्रांत अशा रंगाला सरसकट 'कापडाचा रंग' म्हणतात. कापडवाले म्हणून आम्ही एवढी दुरुस्ती सुचवतो, कारण ती कामाची आहे. सुदान हा तेलात विरघळणारा रंग आहे. मेण, बुटाचे पॉलिश, वंगण अशा वस्तूंसाठी तो वापरतात. कापड, कागद यांसाठी वापरला जाणारा रोडामाइन-बी हा रंग पाण्यात विरघळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने मुलांच्या 'म्हातारीच्या केसां'वर बंदी घातली, ती याच रंगामुळे.

हा फरक का महत्त्वाचा? घरोघरी एक परीक्षा सांगितली जाते. पाण्याने भरलेल्या पेल्यावर चमचाभर तिखट भुरभुरायचे. लाल रेघा खाली उतरल्या तर रंग मिसळलेला आहे. तळाशी बसलेला गाळ बोटाने चोळल्यावर खरखरला तर विटेची भुकटी किंवा वाळू आहे. परीक्षा चांगली आहे, अवश्य करावी. पण तिच्यात पाण्यात विरघळणारा रंगच सापडतो. सुदान पाण्यात उतरत नाही, त्यामुळे तो या परीक्षेत पास होतो. तेलात टाकून पाहावे, तर खऱ्या मिरचीचाही रंग तेलात सुटतो, नाहीतर रश्श्यावर तर्री आली नसती. सबब सुदान ओळखायला प्रयोगशाळेशिवाय मार्ग नाही. "आम्ही पाण्यात टाकून बघितले" ही सबब व्यापाऱ्याला वाचवणार नाही.

काही जण म्हणतात, "आम्ही खाण्याचाच रंग घालतो, डबीवर तसे लिहिले आहे." तेही चालत नाही. कायद्याने ठरावीक कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांतच परवानगी आहे. मिरची पुडीत कोणताही वरचा रंग घालता येत नाही, मग तो मिठाईचा असो की सरबताचा.

ओल आणि बुरशी

दुसरा धोका रंगाइतका गाजत नाही, पण आपल्या भागाच्या अधिक जवळचा आहे. आपल्याकडे मिरचीची मोठी आवक नंदुरबार आणि दोंडाईचा भागातून होते. नंदुरबारला ओली लाल मिरची बाजारात येते आणि मोकळ्या मैदानावर पसरून वाळवली जाते. त्या जागांना तिकडे पथारी म्हणतात. लाल गालिचा अंथरावा तसे दृश्य असते. त्यावर अवकाळी पाऊस पडला की मिरची काळवंडते, तिला बुरशी धरते. त्याशिवाय वाळलेली मिरची पोत्यात भरताना तुटू नये म्हणून, आणि खरे सांगायचे तर वजन वाढावे म्हणूनही, तिच्यावर पाणी मारले जाते.

ओल राहिली की बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे. मिरची परत वाळवली, कुटली, तेलात तळली, तरी ते पूर्ण जात नाही. काळी पडलेली मिरची स्वस्तात मिळते. कुटल्यावर तिचा काळेपणा लपवायला रंग लागतो. म्हणजे पहिला धोका पुष्कळदा दुसऱ्याच्या पोटातून जन्माला येतो. मसाल्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आपल्याकडे किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे, युरोपात १०. मिरची पुडीत ओलावा वजनाच्या ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असाही नियम आहे.

मोठ्यांचेही चुकते

लहान गिरणीवाला तेवढा घाणेरडा आणि चकचकीत पाकीटवाला तेवढा शुद्ध, असा समज शहरांत आहे. तो खरा नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्याची विक्री थांबवली. मसाल्यातले जंतू मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड या वायूचे अंश त्यांत सापडल्याचे सांगितले गेले. सिंगापूरनेही एव्हरेस्टचा तो फिश करी मसाला परत घ्यायला लावला. आपला माल सुरक्षित आहे, असे दोन्ही कंपन्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये पतंजली फूड्सला सुमारे ४ टन मिरची पूड बाजारातून परत बोलवावी लागली. तिच्यात कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते.

हे वाचून लहान व्यापाऱ्याने खूश होण्याचे कारण नाही. मोठ्या कंपनीचा माल परत येऊ शकला, कारण कोणत्या दिवशी कोणत्या पोत्यांतून कोणती पाकिटे भरली आणि ती कुठे गेली, याची नोंद तिच्याकडे होती. आपल्याकडे उद्या अशी वेळ आली तर? फेब्रुवारीत कुटलेले तिखट मनमाडला कोणाकडे गेले आणि नायडोंगरीला कोणाकडे, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? आमच्या पुतण्याला सांगता आले नाही.

कायदा काय मागतो

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा, त्याची अंमलबजावणी ऑगस्ट २०११ पासून. धंद्यासाठी तिखट कुटणाऱ्या-भरणाऱ्याला, घरातून करत असला तरी, नोंदणी किंवा परवाना लागतो आणि त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. कुटलेले मसाले सुटे विकता येत नाहीत, बंद पाकिटातच विकावे लागतात. गिऱ्हाईकाची मिरची त्याच्यासमोर कुटून देणे ही गोष्ट वेगळी. तिखटात खाद्यतेल २ टक्क्यांपर्यंत घालता येते, पण तेलाचे नाव आणि प्रमाण पाकिटावर लिहून. चकाकीसाठी मिरचीला खनिज तेल लावणे हा गुन्हा आहे.

सर्वांत कामाची तरतूद कलम २६ मध्ये आहे. घाऊक व्यापाऱ्याने दिलेले बिल हीच मालाच्या शुद्धतेची लेखी हमी धरली जाते. आपल्या बाजारात दोन पैसे वाचवण्यासाठी चिठ्ठीवर माल घेण्याची सवय आहे. उद्या नमुना नापास झाला की घाऊकवाला हात वर करतो आणि किरकोळवाला एकटा उभा राहतो. ज्याच्याकडे बिल आहे त्याला निदान बोट दाखवायला जागा राहते. कलम ४० प्रमाणे सामान्य ग्राहकही शुल्क भरून विकत घेतलेल्या वस्तूची तपासणी करून घेऊ शकतो. म्हणजे तपासनीस आला नाही म्हणून आपण सुटलो, असे समजू नये.

दोष आपल्या डोळ्यांतही

एवढे सांगून झाल्यावर खरे बोललेच पाहिजे. मिरचीत रंग घालणारा गुन्हेगार आहे, पण त्याला घालायला लावणारे आपण आहोत. लग्नाच्या दावतीत तंदुरी कोंबडी लालभडक नसली तर पाहुणे नाक मुरडतात. शेव नारिंगी नसली तर शिळी समजतात. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारला कबाबातील कृत्रिम रंगावर बंदी घालावी लागली, कारण लाल नसलेला कबाब कोणी घेईना. रंगाची ही भूक भागवताना फरसाणवाला तिखटवाल्याला दाबतो, तिखटवाला दलालाकडे जातो.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. गिऱ्हाईक साडीचा पदर ओल्या रुमालाने घासून पाहते. रंग सुटला तर कच्चा, नाही सुटला तर पक्का. कच्च्या रंगाची साडी विकणाऱ्याकडे ते गिऱ्हाईक परत येत नाही. हीच नजर लोक मिरचीला लावतात, आणि तिथेच फसतात. मिरचीचा अस्सल रंग कच्चाच असतो. उजेड लागला, ऊन लागले, दिवस गेले की तो फिका होत जातो. चार महिन्यांनी थोडे फिके पडलेले तिखट हे वाईट मालाचे लक्षण नव्हे. वर्षभर दुकानाच्या काचेत उन्हात ठेवूनही लालभडक राहिलेल्या तिखटाची मात्र चौकशी केली पाहिजे.

मग करायचे काय?

आम्ही पुतण्याला जे सांगितले तेच येथे सांगतो. रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग हवा तर बेडगी घाला, तिखटपणा हवा तर लवंगी किंवा तेजा. दोन्हींचा मेळ गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे घाला आणि त्याचा दाम उघडपणे सांगा. मिरची हातात घेऊन वाकवा, मऊ लागली तर ओल आहे, घेऊ नका. काळी आणि डागाळलेली मिरची कुटायच्या आधी वेगळी काढून फेका. एकदम क्विंटलभर कुटून ठेवू नका, पंधरा दिवसांपुरते कुटा. पोती भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवा. तिखट उजेडापासून दूर ठेवा. घेतलेल्या प्रत्येक पोत्याचे बिल जपा. एक वही घाला आणि कोणत्या तारखेला कोणत्या पोत्याची मिरची कुटली व कोणाला दिली, ते लिहा. शाईचे पेन आणि शंभर पानी वही एवढाच त्याचा खर्च. वर्षातून एकदा तरी आपला नमुना स्वतःहून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. चार-पाच गिरणीवाल्यांनी मिळून हे केले तर एकट्यावर भार पडत नाही.

यावर पुतण्याने विचारलेला प्रश्न रास्त होता. "चाचा, माझे तिखट किलोला महाग पडेल. रंगवाला बाजारात स्वस्त विकेल. गरीब गिऱ्हाईक कोणाकडे जाईल?" याचे गुळगुळीत उत्तर आमच्याकडे नाही. काही गिऱ्हाईक जाईल. तो फरसाणवाला अजून परत आलेला नाही, आणि येईल असे आम्ही लिहिणार नाही. ज्या दहा किलोचा तोटा झाला तो घरात भरून काढला. पण गरीब गिऱ्हाईकाला स्वस्त विष देणे ही त्याच्यावर मेहेरबानी नव्हे. त्याला परवडावे म्हणून पुडी लहान करावी, भाव उतरवण्यासाठी मालात भर घालू नये. पुतण्याने आता पन्नास ग्रॅमची पुडी काढली आहे. तिच्यावर मिरचीचे नाव आणि कुटल्याची तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो. दलालाची पुडी त्याने परत केली.

नांदगाव, मनमाड, मालेगाव या भागात कांडप, पापड, लोणचे, फरसाण, कबाब आणि बिर्याणीच्या मसाल्यावर कितीतरी घरे जगतात. त्यांत आपले लोक बरेच आहेत. भांडवल थोडे, जागा लहान, पण पिढ्यान् पिढ्यांची पत गाठीला आहे. एका नमुन्यात रंग सापडला तर बातमीत एका दुकानाचे नाव येते, आणि तोंडोतोंडी साऱ्या बाजाराचे होते. २००३ नंतर निर्यातदारांनी हे भोगले आहे. म्हणून आमची विनंती आहे की, प्रत्येक गावातल्या कांडपवाल्यांनी आणि मसालेवाल्यांनी एकदा एकत्र बसावे, रंग घ्यायचा नाही आणि बिलाशिवाय मिरची घ्यायची नाही, या दोन गोष्टी ठरवाव्यात. आणि आपण गिऱ्हाइकांनी पुढच्या दावतीत आचाऱ्याला आधीच सांगावे की, कोंबडी लाल नसली तरी चालेल.